तबियत जरा नरम आहे

इंदूरमधल्या राजेंद्र नगरच्या त्या गल्लीत कुणाच्या घरी काही वाईट घडलं, की लोक आधी डॉक्टरला बोलावत आणि मग सुनंदाताई निगुडकरांना. डॉक्टर माणूस गेल्याचं सांगून निघून जात. ते परगावच्या नातेवाइकांना कळवायचं काम सुनंदाताईंचं.

हे काम त्यांनी मागून घेतलं नव्हतं. त्यांचे यजमान शामराव टेलिफोन खात्यात होते, त्यामुळे गल्लीतला पहिला फोन त्यांच्याकडे आला. नागपूर, सुरत, जबलपूर, जिथं म्हणून कुणाची लेक दिली होती किंवा मुलगा नोकरीला होता, तिथले ट्रंक कॉल निगुडकरांच्या बाहेरच्या खोलीतून लागत. ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे. मग तो सुनंदाताईंकडे बघे आणि त्या रिसीव्हर हातात घेत. पुढं घरोघरी फोन आले, नंतर प्रत्येकाच्या खिशात आले, पण पद्धत मोडली नाही. "ताई, तुम्हीच बोला, तुम्हाला जमतं."

आणि त्यांना खरंच जमत असे. फोनवर 'गेले' हा शब्द त्या कधीच उच्चारत नसत. "तबियत जरा नरम आहे, अॅडमिट केलंय. डॉक्टर लक्ष देऊन आहेत. घाबरण्यासारखं नाही, पण तुम्ही एकदा येऊन गेलात तर बरं." आवाज एकसारखा, ना फार हळू, ना फार घाईचा. पलीकडचा म्हणे, "त्यांच्याशी बोलायला द्या ना." तर म्हणायचं, आयसीयूत फोन चालत नाही. स्टेशनवर घ्यायला घरचं माणूस पाठवायचं नाही, त्याचा चेहरा बोलतो. थोडं लांबचं कुणी पाठवायचं. येणाऱ्याला सरळ दवाखान्याचं नाव सांगायचं नाही. "आधी घरी चला, हातपाय धुवा, चहा घ्या," असं म्हणत दारापर्यंत आणायचं. प्रवासात माणूस एकटं असतं, तिथं त्याला धक्का बसला तर सावरणार कोण, एवढाच त्यामागचा विचार. चार नंबरच्या नानासाहेबांचा मुलगा सुरतेहून असाच आला होता आणि तेरावं झाल्यावर त्यानं सुनंदाताईंना वाकून नमस्कार केला होता. "ताई, तुम्ही खरं सांगितलं असतं तर मी पोचलोच नसतो."

शामरावांची बहीण उषा मात्र वेगळं बोलली होती. आई गेल्याचं तिलाही असंच कळवलं होतं. जबलपूरहून ती आईसाठी मोसंबी घेऊन आली आणि पिशवी हातात धरून अंगणात उभी राहिली. रात्री ती म्हणाली, "वहिनी, अख्ख्या गाडीत मी शेजारणीला आईच्या गमती सांगून हसत होते गं. आधी कळलं असतं तर रडून तरी घेतलं असतं." सुनंदाताईंना ते लागलं. पण म्हणून त्यांनी आपली पद्धत बदलली नाही.

गेल्या फेब्रुवारीत त्या मुलीच्या, ऋजुताच्या, बाळंतपणासाठी टोरांटोला गेल्या. जावई नचिकेत कामासाठी इंदूरला आलाच होता, त्याच्याबरोबर गेल्या. जाताना विमानात त्यांना काही कळलंच नाही. पट्टा त्यानं लावला, फॉर्म त्यानं भरले, त्या शालीत गुरफटून झोपल्या. शामराव नाही म्हणाले. "तुझी लेक, तुझं नातवंड. मला त्या बर्फात कशाला नेता? मी इथं पोहे खाऊन मजेत आहे." रोज एकदा व्हिडिओवर दिसत. अर्धा वेळ कॅमेऱ्यात त्यांचं कपाळच दिसे, सुनंदाताई "फोन खाली घ्या, खाली!" म्हणून ओरडत आणि ऋजुता बाळाला घेऊन हसत बसे.

मे महिन्यात तीन दिवस शामराव दिसले नाहीत. थोडा ताप आहे, झोपलेत, असं पुतण्या भूषण इंदूरजवळच्या राऊ गावाहून सांगत होता. चौथ्या दिवशी सकाळी नचिकेत ऑफिसला गेला नाही. स्वयंपाकघरात येऊन त्यानं खुर्ची ओढली.

"आई, जरा बसता?"

सुनंदाताई बसल्या. 'जरा बसता' कशासाठी म्हणतात हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

"बाबांना अॅडमिट केलंय. न्यूमोनिया म्हणतायत. डॉक्टर चांगले आहेत. घाबरण्यासारखं काही नाही. पण मला वाटतं, तुम्ही जाऊन याल तर बरं. उद्या दुपारचं तिकीट मिळतंय."

"मला त्यांच्याशी बोलायचंय."

"आयसीयूत फोन नेऊ देत नाहीत आई."

सुनंदाताईंनी त्याच्याकडे पाहिलं. हा मुलगा लालबागच्या बाजूला वाढलेला, इंदूरच्याच मराठी घरातला. शब्द तेच होते. आवाजसुद्धा तोच, ना हळू, ना घाईचा. आतल्या खोलीत ऋजुता बाळाला छातीशी धरून रडत होती. स्पृहा सहा आठवड्यांची, तिचा पासपोर्ट अजून व्हायचा होता, त्यामुळे ऋजुताला निघता येत नव्हतं. बाप नुसता आजारी असताना लेक अशी रडेल का, एवढाच प्रश्न सुनंदाताईंच्या मनात आला, आणि त्यांनी तो तिला विचारला नाही.

संध्याकाळी त्यांनी शेजारच्या उदयसिंहांना फोन लावला. हा देवासकडचा आडदांड माणूस, रोज सकाळी शामरावांबरोबर फाटकात उभं राहून पेपरवर भांडणारा.

"भाभीजी," तो म्हणाला, आणि गप्प झाला. मग म्हणाला, "आप बस आ जाओ. बाकी सब है ना यहां. आप टेन्शन मत लो."

तीस वर्षांत हा माणूस त्यांच्याशी एवढ्या मऊ आवाजात कधी बोलला नव्हता.

भूषणनं एक फोटो पाठवला. तोंडावर मास्क, डोळे मिटलेले. सुनंदाताईंनी तो मोठा करून पाहिला. फोटो परवाचाही असू शकतो, असं त्यांच्या मनानं सांगितलं. आणि नचिकेतनं तिकिटाबरोबर व्हीलचेअरही लिहून घेतली होती, तेव्हा तर त्यांची खात्रीच झाली. त्या रोज घराजवळच्या तळ्याला दोन फेऱ्या मारत होत्या, त्यांना व्हीलचेअर कशाला?

"तिथला माणूस बरोबर असतो आई, दिल्लीत विमान बदलायला सोपं पडतं," नचिकेत म्हणाला. "सगळे आईवडिलांसाठी घेतात."

"घे," त्या म्हणाल्या. उगाच त्याला खोटं बोलायला का लावा?

विमानात शेजारी लुधियानाची एक सरदारीण होती, साठीच्या पुढची. तिनं बूट काढून मांडी घातली आणि पिशवीतून पराठे काढले. विमान वर गेलं, ढगांच्याही वर गेलं. समोरच्या पडद्यावर निळ्या नकाशात एक इवलंसं विमान होतं, आणि खाली लिहिलं होतं, तेरा तास दहा मिनिटं. सुनंदाताई त्या आकड्याकडे बघत राहिल्या. दर वेळी बघावं तर तो जेमतेम चार मिनिटांनी कमी झालेला असे. जेवण आलं, तसंच परत गेलं. सगळ्यांना खिडक्या बंद करायला सांगितलं. बाहेर लख्ख ऊन असताना आत अंधार करून तीनशे माणसं झोपी गेली.

सुनंदाताई मनाशी हिशोब लावत होत्या. शनिवारपर्यंत ते दिसत होते. म्हणजे सोमवारी किंवा मंगळवारी. आज गुरुवार. थांबवून ठेवलं असेल बर्फात, आपल्यासाठी. का उरकलं असेल? मुलगा नाही, म्हणजे भूषणच सगळं करेल. त्यांना कोणतं धोतर नेसवलं असेल? वरच्या कपाटातलं कुणाला सापडलं असेल का? इतक्यांदा दुसऱ्यांच्या घरी त्यांनी ही कपाटं उघडली होती. आता त्यांच्या कपाटात कुणाचे तरी हात गेले असतील.

ग्रीनलँडच्या आसपास कुठं तरी उषाची ती मोसंबी त्यांना आठवली आणि हुंदका आला. त्यांनी पदर तोंडात धरला, पण शेजारीण जागी होती.

"की होया, भैणजी?"

सुनंदाताईंनी मान हलवली. बाई थांबली नाही. तिनं त्यांचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. "घर में सब ठीक?"

आयुष्यभर जो शब्द त्यांनी दुसऱ्यांसाठी अडवून धरला होता, तो हिंदीत, एका अनोळखी बाईपुढं, सहज निघून गेला.

"मेरे पति गुजर गये."

"हाय रब्बा. कदों?"

"मंगल को," त्या म्हणाल्या. म्हणून झाल्यावर ते खरंच होऊन गेलं.

वाहेगुरू, वाहेगुरू म्हणत सरदारीण त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि सुनंदाताई रडल्या. आवाज न करता, चांगल्या तासभर रडल्या. पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं वळून पाण्याची बाटली दिली. अगदी घरातल्यासारखं झालं सगळं.

मग त्यांना दारातलं दृश्य दिसू लागलं. गाडी थांबेल. गल्लीतल्या बायका पुढं येतील. वडील गेले तेव्हा आईच्या बाबतीत त्यांनी ते पाहिलं होतं. चार जणींनी हात धरले, एकीनं कपाळ पुसलं, पाटाच्या कडेवर बांगड्या फोडल्या, आणि आई नुसती हात पुढं करून बसली होती, दुसऱ्या कुणाचे हात असल्यासारखे. आता बांगड्या फोडत नाहीत, पण हळूच उतरवतात, आणि सगळ्या जणी बघत असतात. सुनंदाताईंना ते नको होतं. पुसायचं तर आपलं आपण पुसू.

त्या उठल्या. विमानाच्या त्या अरुंद संडासात दार लावल्यावर पांढरा दिवा लागला. आरशात आपला चेहरा त्यांना फार मोठा वाटला. आधी टिकली काढली. मंगळसूत्र काढून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं, चेन लावली. राहिल्या बांगड्या. हिरव्या, काचेच्या, बारशाला भरलेल्या. मनगट सुजलं होतं, साबण लावून एकेक उतरवावी लागली. शेवटची निघताना सालटं निघालं. उतरवलेल्या बांगड्या घरी न्यायच्या नसतात. त्यांनी त्या कागदी रुमालात गुंडाळल्या आणि भिंतीतल्या कचऱ्याच्या झाकणातून आत सोडल्या. आत काच वाजली. बाहेर कुणी तरी दार ठोठावत होतं.

जागेवर परतल्यावर सरदारिणीनं त्यांच्या कपाळाकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं, आणि आपली शाल त्यांच्या अंगावर घातली.

दिल्लीला अकरा वाजता उतरल्या. व्हीलचेअर ढकलणारा मुलगा म्हणाला, "माताजी, घर बात करनी है? मेरे फोन से कर लो." त्या नको म्हणाल्या. दिल्लीच्या विमानतळावर ऐकून काय करायचं? इंदूर गाठायचं होतं.

सव्वातीनला इंदूर आलं. बाहेर ऊन मी म्हणत होतं. भूषण उभा होता, डोक्यावर टोपी. ती टोपी बघून त्यांचे पाय थबकले. पण भूषणनं जवळ येऊन टोपी काढली, घाम पुसला. केस होते. म्हणजे अजून केलेलं नाही, त्यांनी मनाशी म्हटलं. माझ्यासाठी थांबलेत.

भूषणनं वाकून नमस्कार केला, वर पाहिलं आणि त्यांच्या कपाळावर नजर जाताच गोंधळला. थकवा असेल, असं समजून त्यानं बॅग उचलली.

"काकू, आपण सीधे हॉस्पिटल चलू. मिलने का टाइम चार ते पाच आहे, एकालाच सोडतात. काका सकाळपासून तुमचंच विचारतायत."

"घरी चल," सुनंदाताई म्हणाल्या.

"अहो, पण टाइम..."

"भूषण, मला सगळं मालूम आहे. हे बोलणं मी लोकांना तीस वर्षं शिकवलंय. माझ्यावर नको चालवू. घरी चल."

"काकू, कसम से, काका..."

"घरी चल म्हटलं ना!"

त्या आवाजापुढं भूषणचं काही चाललं नाही. तो तीन रात्री दवाखान्याच्या बाकावर झोपलेला, त्याला वाटलं, बाईंना आंघोळ करायची असेल. त्यानं गाडी राजेंद्र नगरकडे वळवली. वाटेत तो एकदोनदा बोलू लागला, "काका काल म्हणत होते की..." तर त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं. फोन वाजला तर उचलू दिला नाही.

चार वाजून दहा मिनिटांनी गाडी गल्लीत शिरली. सुनंदाताईंनी पदर डोक्यावर घेतला आणि दाराचं हँडल धरून ठेवलं.

गल्लीत कुणी नव्हतं. खुर्च्या नव्हत्या, चपला नव्हत्या. पंख्याखाली झोपलेली दुपारची गल्ली. एका गच्चीवर पापड वाळत होते. निगुडकरांच्या फाटकाला कुलूप होतं आणि कुलपाच्या वर तीन दिवसांचे पेपर खोचलेले होते.

उदयसिंह बनियनवर बाहेर आले. "अरे भूषण भिया, इधर कायको ले आए? चार से पांच का टाइम है! भाईसाब सुबह से घड़ी देख रहे..." मग त्यांनी सुनंदाताईंकडे पाहिलं. कपाळ, गळा, हात.

"भाभीजी," ते म्हणाले, "किसने बोला आपको?"

कुणीच बोललं नव्हतं. सुनंदाताई फाटकाला धरून खाली बसल्या आणि लगेच उठल्या. "चल," त्या भूषणला म्हणाल्या. "चल चल चल."

राजेंद्र नगर ते पलासियातला दवाखाना. एरवी पंचवीस मिनिटं, त्या दिवशी चाळीस. प्रत्येक सिग्नलला त्यांनी पर्सची चेन उघडली आणि मंगळसूत्र घालायला बघितलं, पण मानेमागचा आकडा अडकेना. भूषण एकदाही त्यांच्याकडे वळून बघत नव्हता. टिकलीचं पाकीट बॅगेत होतं, बॅग डिकीत होती.

पाचला सहा मिनिटं कमी असताना गार्डनं त्यांना आत सोडलं.

शामराव जागे होते. मास्कच्या वर त्यांचे डोळे तेवढे दिसत होते, आणि ते दाराकडेच लागलेले होते. सुनंदाताई समोर आल्यावर ते डोळे हसले. मग कपाळावर थांबले. तिथून गळ्यावर आले, तिथून हातांवर. त्यांनी सुई टोचलेला हात सावकाश उचलला आणि स्वतःच्या दोन भुवयांच्या मध्ये बोट ठेवलं. काय हे?

घामानं पडली, सिक्युरिटीवाल्यांनी काढायला लावलं, शंभर गोष्टी सांगता आल्या असत्या. सांगणारीही तीच होती, गल्लीत जिच्यासारखं कुणाला जमत नसे. पण त्यांच्या तोंडून काही निघालं नाही.

शामरावांनी मास्क बाजूला केला. आवाज घोगरा, तुटका होता.

"मी गेलो वाटलं तुला?"

"हो."

त्यांनी मास्क क्षणभर तोंडाशी धरला आणि पुन्हा काढला. श्वास वाजत होता.

"चारपासून वाट बघतोय," ते म्हणाले. "म्हटलं... विमान लेट असेल."

"विमान वेळेवर होतं."

"मग?"

"घरी गेले आधी. तिथं असाल म्हणून."

शामरावांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर सुनंदाताईंना बरं वाटलं असतं. आपल्या मागं आपलं घर कसं दिसतं ते कुणी तरी चुकून दाखवावं आणि माणसानं ते मुकाट बघावं, तसा तो चेहरा होता. नर्सनं येऊन मास्क नीट बसवला. "अंकल, बोलना नहीं है." मग सुनंदाताईंकडे वळून म्हणाली, "टाइम हो गया, आंटी. कल चार बजे."

संध्याकाळी त्यांनी टिकली लावली. मंगळसूत्र उदयसिंहांच्या बायकोनं घालून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानं उघडताच त्या स्वतः गेल्या आणि कासारीण म्हणाली त्यापेक्षा दोन जास्त, दोन्ही हातांत सहा-सहा हिरव्या बांगड्या भरून घेतल्या. सालटलेल्या मनगटाला त्या झोंबत होत्या. साडेतीनलाच त्या गार्डसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

पण पहाटे शामरावांचा श्वास बिघडला होता आणि त्यांना यंत्रावर घेतलं होतं. घशात नळी, डोळ्यांवर ओल्या कापसाच्या पट्ट्या. डॉक्टर म्हणाले, झोपेचं औषध चालू आहे, दोन दिवस बघू. "सुनायी देता होगा?" सुनंदाताईंनी विचारलं. डॉक्टरांनी खांदे उडवले नाहीत, हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. ते उत्तर त्यांना चांगलंच ओळखीचं होतं.

त्या पलंगाजवळ उभ्या राहिल्या. चार वाजून पाच मिनिटं झाली होती, आज पाऊण तासाहून जास्त वेळ होता. त्यांनी उजवा हात शामरावांच्या कानाशी नेला आणि मनगट हलवलं. काच वाजली. त्यांनी पट्टीखाली पापणी हलते का पाहिलं. पुन्हा वाजवली, जरा जोरात.

"आंटी, आवाज मत करो, और भी पेशंट हैं," नर्स म्हणाली.

त्यांनी मान डोलावली आणि मग अगदी हळू, फक्त दोन बांगड्या एकमेकींना लागतील एवढ्याच बेतानं, त्या मनगट हलवत राहिल्या. पाच वाजेपर्यंत.